तिकडचं नाव

आमच्या घरात मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही दोघी माणसं नव्हतो. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये म्हणून आम्ही कितीतरी वर्षं फार काळजी घेतली.

मी मूळची लातूरची. वडील कचेरीत, आई शाळेत, आणि मी स्वतः फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलेली. लग्न ठरलं तेव्हा वाटलं, लातूर ते लोहा म्हणजे असं कितीसं अंतर? एस.टी.त एक झोप काढली की संपलं. भाषा तीच, भाकरी तीच, ऊन तर तेच. पण सासरी पाऊल टाकलं आणि आठवड्याभरातच लक्षात आलं की आपल्याला इथलं काही म्हणजे काही येत नाही. या घरात ताक घुसळताना बोलायचं नसतं. लोणच्याची बरणी सासूबाईंच्या आधी कुणी उघडायची नसते. बुधवारी माहेरचा विषय काढायचा नसतो. हे कुठं लिहून ठेवलेलं असतं तर मी एका रात्रीत पाठ केलं असतं, परीक्षेचा मला कधीच त्रास नव्हता. पण इथं चूक केल्यावरच नियम कळायचा.

पहिल्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायचं काम चाललं होतं. सकाळचं ऊन, बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरलेलं, आणि त्यावर ओल्या कुरडयांच्या रांगा. मला पलीकडून पाण्याचा तांब्या आणायचा होता. बाजेला वळसा घालायचा कंटाळा आला म्हणून मी साडी आवरून सरळ कोपऱ्यावरून पाय टाकला आणि पलीकडे गेले. सासूबाईंनी हातातला सोऱ्या खाली ठेवला. खाण्याच्या वस्तूवरून बाईमाणसानं पाय टाकला, म्हणजे आता त्या कुरडया देवाच्या कामाच्या राहिल्या नाहीत, असं त्यांनी मला समजावलं. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, की लातुरात असंच करतेत का, आणि खाली निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते, तोंडाची मी फटकळच आहे. पण त्यांच्या त्या शांत विचारण्यानं मला एकदम रडू फुटलं.

मोठी जाऊ बाजूला बसून चीक हाटत होती. तोवर ती माझ्याशी कामापुरतंच बोललेली. मी तिला अक्का म्हणायचे, कारण सगळे म्हणायचे. ती पातेल्यातून मान वर न करता हळूच म्हणाली, "रडू नको. डोळ्यांत पाणी दिसलं की इथले लई चौकशी करतेत."

इथले म्हणजे कोण, असं मी विचारलं.

"हे समदे. आपण इथल्या न्हाईत ना. आपण लई लांबून आलोत." तिनं हनुवटीनं वर, आभाळाकडे दाखवलं. "चाललो होतोत भलतीकडंच, अन् गाडी इथं बिघडली. दुरुस्त होईस्तोर माणसावानी राहायचं. कुणाला वळखू येऊ द्यायचं न्हाई. तू नवी हायस, शिकशील."

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी नाक पुसलं आणि फिजिक्सवालीसारखं विचारलं, की मग आपल्याला इथली हवा कशी चालते? तिनं चाटू तसाच हातात धरून खरोखर विचार केला. म्हणाली, "पहिल्या साली जड जाती."

तेव्हा मी जी हसले, ती खालून सासूबाईंनी हाक मारेपर्यंत हसत राहिले. लग्नानंतरचं माझं पहिलं खरं हसणं ते.

आमच्या गच्चीवरून गावाबाहेरचा माळ दिसायचा. उन्हाळ्यात त्याच्यावर गवताची काडी उरत नसे. नुसता तांबडा मुरूम, मध्ये मध्ये काळे दगड, आणि दुपारी त्या सगळ्यावर हवा अशी हलायची की माळ पाण्याखाली आहे असं वाटावं. पाणी मात्र कुठंच नसायचं, ते टँकरनं यायचं. अक्का त्या माळाकडे बोट करून सांगायची की आपण तिथं उतरलो, त्या पळसाच्या पल्याड, गाडी अजून तिथंच हाय, वरून मुरूम पडलाय म्हणून दिसत न्हाई. मी एकदा दुपारी कुणी नसताना खरंच डोळ्यांवर हात धरून बराच वेळ तिकडे बघत बसले होते. काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. काचेचा तुकडा असेल. तरी मी तिला ते सांगितलं आणि तिनं मान डोलावली.

आम्ही जिथून आलो त्या जागेला आम्ही नाव दिलं नव्हतं. नुसतं 'तिकडं' म्हणायचो. तिकडं पाणी आपल्या पायांनी घरी येतं, दारात थांबतं, आणि विचारतं की किती भरू. तिकडं भाकरी थापावी लागत नाही, उन्हात पीठ ठेवलं की ती फुगून वर येते. तिकडं संध्याकाळ फार लांब असते, आणि बाई त्या संध्याकाळीत चालत कुठवरही गेली तरी परत आल्यावर कुठं गेली होतीस असं कुणी विचारत नाही. हे सगळं अक्का सांगायची, भाजी निवडता निवडता, सपाट आवाजात, शेजारच्या गावाची हकीकत सांगावी तसं. मी मध्ये मध्ये शास्त्रीय शंका काढायचे आणि ती त्या मिटवायची. तिकडं गुरुत्वाकर्षण आहे का, असं विचारलं तर म्हणाली, हाय, पण सणावारीच.

इथल्यांत सगळ्यांत पक्क्या इथल्या म्हणजे सासूबाई. त्यांच्यासमोर आमची खरी परीक्षा. हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि मला उखाणा घ्यायला लावला की माझी बोबडी वळायची. अक्का समोरच्या रांगेतून डावी भुवई खाजवायची, म्हणजे संशय येऊन राहिलाय, सांभाळ. ती स्वतः मात्र कधीच पकडली गेली नाही. सगळ्या गल्लीत तिच्यासारखी सून नाही असं लोक म्हणायचे. कुणाच्या घरी किती रडायचं, कुणाच्या लग्नात किती हसायचं, कुणाला वाकून नमस्कार आणि कुणाला नुसती मान, तिचा हात कुठं चुकत नसे. तिला म्हटलं, तू तर यांच्यापेक्षा जास्त यांच्यासारखी झालीस. ती म्हणाली, ज्याला जन्मानं येतं तो कशाला एवढं ध्यान देईल?

आता हा खेळ का होता, ते थोडं सांगायला हवं. अक्का देगलूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. शाळा मराठी, पण घरात सगळे तेलुगू बोलायचे. एकोणिसाव्या वर्षी ती लोह्याला आली आणि तिची भाषा दारातच राहिली. इथं कुणी तिला बोलू नको म्हटलं नव्हतं, पण बोलणार कुणाशी? फक्त डब्यात ज्वारी मापताना ती ओठांतल्या ओठांत ओकटी, रेंडू, मूडू असं मोजायची. नावही दारातच राहिलं. तिचं शाळेतलं नाव आणि आमच्या नणंदेचं नाव एकच निघालं. एका घरात एकाच हाकेला दोघी कशा येणार, म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरून भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, अंगठीनं नवं नाव लिहिलं. त्या दिवसापासून ती ते नाव झाली. माझंही नाव असंच बदललं, पण माझ्या वेळी मंगल कार्यालयातल्या मोठ्या पंख्यानं तांदूळ उडाले आणि नवऱ्याला दोनदा लिहावं लागलं. मी त्यावर विनोद करायचे. माझं जुनं नाव लातूरला माहेरी अजून वापरात होतं, फोनवर आई दिवसाआड त्याच नावानं हाक मारायची. म्हणून मला विनोद सुचायचा.

अक्काला आणखी एक नाव होतं, ते मला फार उशिरा कळलं. तिचे वडील वारले, ती माहेरी गेली, दिवस करून परत आली. दोन-तीन दिवस घरातलं सगळं जागच्या जागी करत राहिली. मग एका सकाळी वाळवण घालायला आम्ही वर गेलो असताना ती कठड्याला टेकून म्हणाली, की शाळेतलं नाव तर कागदावरचं होतं, घरात मला दुसऱ्याच नावानं बोलवायचे. आई लवकर गेली, भावंड नाही, राहिले होते वडील. तिकडून हाक मारणारं आता कुणी उरलं नाही.

मग तिनं मला ते नाव सांगितलं. छोटंसं, दोन अक्षरांचं. मी ते म्हणून बघायला तोंड उघडलं तर तिनं माझ्या ओठांवर पिठाचा हात ठेवला.

"नुसतं ठेव. म्हणू नको. इथं कुणाच्या तोंडातून निघालं की ते इथलंच झालं. मग गाडी दुरुस्त झाल्यावर मला तिकडं कोण वळखील?"

त्या दिवशी मात्र तिचा आवाज खेळातला नव्हता. मी मान हलवली. तिचं एवढं एकच खरं तिच्याजवळ उरलं होतं आणि ते तिनं माझ्याकडे ठेवायला दिलं, हे मला कळत होतं. मला त्याचा अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, आणि त्याला मी सगळंच सांगते.

वर्षं गेली. लोह्यात मॉल नाही आला, पण दुकानांना काचा आल्या. अक्काचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला. मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि पोरांनी परग्रहावर जीवसृष्टी आहे का असं विचारलं की मला अवघड व्हायचं. घरी येऊन मी अक्काला विचारायचे, काय सांगू? ती म्हणायची, सांग की शोध चालू हाय.

दोन वर्षांपूर्वी तिचं पिशवीचं ऑपरेशन करावं लागलं. नांदेडला, खासगी दवाखान्यात. मोठं काही नाही, असं डॉक्टर आधीपासून म्हणत होते. सासूबाई, भासरे आणि मी सोबत गेलो. मुलगा पुण्याहून निघाला होता. ऑपरेशन व्यवस्थित झालं असं दुपारी आम्हाला सांगितलं, थोड्या वेळात शुद्धीवर येतील म्हणाले. तो थोडा वेळ झाला, मग आणखी झाला. नर्स तिच्या गालावर चापट्या मारून फाइलीवरच्या नावानं हाका मारत होती आणि त्या हाका बाहेर आम्हाला ऐकू येत होत्या. मग डॉक्टर आले, आत गेले, बाहेर आले. म्हणाले, एव्हाना जागं व्हायला पाहिजे होतं. त्यांनी घाबरू नका म्हटलं तेव्हा आम्ही घाबरलो. घरातल्या कुणीतरी आत येऊन बोलवा म्हणाले, ओळखीच्या आवाजाला कधी कधी माणूस येतो.

आधी सासूबाई गेल्या. आम्ही दारात उभे. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ठसक्यात, सकाळी चहाला उठवावं तशी हाक मारली. त्यांनीच निवडलेलं नाव ते. अक्का हलली नाही. दुसऱ्यांदा मारताना त्यांचा आवाज कापला.

मग भासरे. मी त्यांना पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोला नावानं बोलवताना ऐकलं नव्हतं. अगं, ऐकलीस का, एवढ्यावर त्यांचं भागायचं. आताही त्यांनी तसंच, ऐकलीस का, म्हणून पाहिलं. मग आमच्याकडे पाठ करून, पुटपुटल्यासारखं, तांदळात लिहिलेलं नाव घेतलं. मग शाळेतलं नाव घेतलं, जे लग्नपत्रिकेवर होतं. ते त्यांना आठवत होतं याचं मला तशातही नवल वाटलं. काहीच झालं नाही. ते बाहेर येऊन भिंतीला तोंड करून उभे राहिले.

मी आत गेले. ती अगदी शांत पडली होती. नळ्या, पांढरी चादर, बाजूला कसला तरी बारीक टिकटिक आवाज, आणि खिडकीच्या निळ्या काचेतून येणारा दुपारचा उजेड. मला वाटलं, ती आता त्या लांबलचक संध्याकाळीत चालत असेल, कुठं गेली होतीस असं कुणी विचारणार नाही अशा ठिकाणी. तिला कशाला परत बोलवायचं? हे माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. आणि ते नाव इथं घेतलं की संपलं, हेही मनात आलं. पण मला ती हवी होती. तिच्याशिवाय त्या घरात मला एकटीला माणूस होऊन राहणं जमलं नसतं. मी तिच्या कानाशी वाकले नाही. ताठ उभी राहिले आणि मुलीला अंगणातून जेवायला बोलवावं तसं, मोठ्यानं, ते दोन अक्षरांचं नाव घेतलं.

तिची पापणी हलली. मी पुन्हा घेतलं.

"ओस्तुन्ना," ती म्हणाली. बारीक, लहान मुलीच्या आवाजात.

नर्सनं काय म्हणाल्या असं विचारलं. मी अंदाजानंच सांगितलं, येते म्हणाली.  ते नाव घेतल्याचा मला आजही पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

बाहेर सासूबाईंनी मला धरलं. हे कोणतं नाव, असं विचारलं. मी सांगितलं की तिच्या घरातलं, आईवडील म्हणायचे ते. त्या बाकावर बसल्या. पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस आपण दुसरीच कोणी समजून हाका मारीत ऱ्हायलोत तिला."

ही बाई आम्हाला सगळ्यांत पक्की इथली वाटायची, आणि तिनं एका वाक्यात आमचं सगळं ओळखलं होतं. 

पण सासूबाई अशा गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. घेतलेलं नाव आपण परत केलं पाहिजे, असं त्यांनी तिथं बाकावरच ठरवून टाकलं. अक्का घरी येऊन जरा उठूबसू लागली तशी त्यांनी पाच सवाष्णी जेवायला बोलावल्या. पुरण घातलं. अक्काला पाटावर बसवून ओटी भरली, आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजपासून हिला हिच्या आईबापानं ठेवलेल्या नावानंच हाक मारायची, या नावानं तिला माघारी आणलंय. बायकांनी एकेक करून ते नाव घेतलं आणि कुंकू लावलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकं मायेचं काम त्या घरात मी दुसरं पाहिलं नाही. अक्कानं पाटावरून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एस.टी. चुकलेलं माणूस स्टँडवर बघतं, तसं पाहिलं.

त्यानंतर ते नाव गल्लीभर झालं. दूधवाला घेऊ लागला, पिठाच्या गिरणीवाला घेऊ लागला. तिच्या घरचे ते कसं उच्चारायचे मला माहीत नाही, पण असं नक्कीच नाही. भासरे तर बायकोला नावानं बोलवायला शिकले, आणि शिकल्यावर दिवसातून कितीदा तरी बोलवायला लागले, चष्मा सापडला तरी सांगायला. म्हातारपणाकडे झुकलेला तो माणूस त्या हाकेनं तरुण दिसायचा. आणि प्रत्येक हाकेला अक्का दचकायची. हातातलं भांडं पडायचं. ती आधी दाराकडे बघायची आणि मग हाक मारणाऱ्याकडे. सगळ्यांना वाटलं अशक्तपणा आहे. सासूबाईंनी खारीक-खोबरं चालू केलं.

मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दर बारीला वाटतंय नायना आलेत." नायना म्हणजे वडील. "दाराकडं बगते तर कुणी न्हाई."

मला फार वाईट वाटलं. दिवसातून कितीदा तरी तिचे वडील येत होते आणि तितक्यांदा ते आलेले नसत. मी तडक सासूबाईंकडे जाऊन सांगितलं की ते नाव नका घेऊ, तिला सोसत नाही. सासूबाईंचा चेहरा पडला. पहिलं नाव तिचं नव्हतं, म्हणाल्या, आता हेही घ्यायचं नाही, तर मग हाक तरी मारायची कशानं? त्यांचं चुकत नव्हतं. अक्काला कळलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. मायेनं दिलेलं परत कसं करायचं, म्हणाली, तू यात पडू नको.

खेळ थांबला. कुणी थांबवला नाही, आपोआप थांबला. मी काही बोलायला गेले तर ती हसायची आणि विषय बदलायची. गच्चीवर गेलो तरी माळाकडे पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, मी आता इथली झाले बघ, तू एकटी ऱ्हायलीस तिकडची. थट्टेनं म्हणाली, पण मला त्या रात्री नीट झोप आली नाही. हाक मारून मी तिला आणलं होतं, आणि आणल्यावर तिला राहायला जागा नव्हती.

गेल्या हिवाळ्यात तिला तपासणीला नांदेडला न्यायचं होतं. भासऱ्यांना काम होतं म्हणून मी रजा काढून गेले. सगळं ठीक निघालं. परतीची एस.टी. दुपारची, अर्धी रिकामी. आम्ही खिडकीपाशी बसलो. सोनखेड मागे पडलं, ज्वारी कणसावर आलेली, शेतांवर पिवळट ऊन, आणि गाडीच्या हादऱ्यांनी दोघींनाही गुंगी आलेली. अक्का बाहेर बघत होती. खूप वेळानं, मला झोप लागत आली असताना, ती म्हणाली, "एक नाव ठेव मला."

मी जागी झाले. कसलं नाव, म्हटलं.

"नवं. कुणाला न सांगता. लिहू नको, बोलू नको, नुसतं माझ्या कानात सांग. त्ये गेलं त्ये गेलं. त्ये आता ह्यांचं हाय, वापरू द्या. मला ठेवायला एक पाहिजे."

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि कुर्र करते. मी अनेकांच्या बारशाला आत्या झालेली, पण हे काम माझ्यावर कधी असं आलं नव्हतं. मी मराठीतली नावं आठवली, सगळी कुणाची तरी निघाली. तेलुगू मला येत नाही. मग मी ओळखीचं काही शोधायचं सोडून दिलं. डोळे मिटले, गाडीचा आवाज ऐकत राहिले, आणि जे तोंडाशी आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. तिनं केस मागे सारून कान पुढे केला. त्या कानाला दागिन्यानं ओघळलेलं भोक होतं, आणि मागे एक पांढरी बट. मी तोंडाशी हात धरून नाव सांगितलं आणि कुर्र केलं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. अक्कानं तिला, कान दुखतोय, फुंकर घालून राहिलीय, असं सांगितलं, इतकं सहज की मला जुनी अक्का दिसली.

ती नाव तोंडात घोळवत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग तिनं माझा कान धरून स्वतःकडे ओढला. मलाही एक दिलं.

लोह्याच्या स्टँडवर भासरे गाडी लावून उभे होते. आम्ही उतरलो तसं त्यांनी लांबूनच, स्टँडभर ऐकू जाईल अशी, तिला नावानं हाक मारली.  मी तिच्याकडे पाहिलं. ती दचकली नाही. तिनं इकडंतिकडं कुणाला शोधलं नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, "आले," म्हणाली, आणि त्यांच्याकडे चालत गेली.